न मारता धरण्याची विद्या

जपानचा नकाशा उघडला की त्यावर दोन बारीक खुणा जागोजागी दिसतात. एक खूण फुलीची. ती पोलीस चौकीची. पोलिसाचे दोन दंडुके एकमेकांवर आडवे ठेवले की जशी फुली होईल, तशी ती काढलेली आहे. फुलीभोवती वर्तुळ असेल तर ते मोठे पोलीस ठाणे. दुसरी खूण गलोलीच्या बेचक्यासारखी. ती अग्निशामक दलाची. हे बेचके म्हणजे लांब दांड्याचे एक जुने अवजार. आग लागली की शेजारची लाकडी घरे ढकलून पाडायची, म्हणजे वणवा पुढे सरकत नाही, हे त्याचे एक काम. आणि त्याच बेचक्याने पळणारा माणूस भिंतीला दाबून धरायचा, हे दुसरे काम. या अवजाराचे नाव काय म्हणाल? 'सासुमाता'! नाव ऐकताच आमच्याबरोबरच्या भगिनींना हसू आवरेना. सासू आणि माता दोन्ही एकाच काठीला, म्हणजे धरून ठेवण्याचे काम तिच्याकडेच असणार, असे त्या म्हणाल्या.

जपान म्हटले की आपल्या लोकांना नागपूरचे भदंत आर्य नागार्जुन सुरई ससाई आठवतात, कामठीचे ड्रॅगन पॅलेस आठवते. जपानला जाऊन आलेले लोक विहारांबद्दल, वेळेवर येणाऱ्या गाड्यांबद्दल, स्वच्छ रस्त्यांबद्दल भरभरून लिहितात. ते सारे खरेच आहे. पण आम्ही या वेळी वेगळीच गोष्ट बघत हिंडलो. या देशात पोलीस आणि पहारेकरी माणसाला न मारता कसे धरतात? पोलीस हा शब्द कानावर पडला की ज्यांच्या पाठीला आधी लाठी आठवते, त्यांना हा प्रश्न पडणारच. आम्हाला तो पडला, आणि त्याचे उत्तर शोधताना जे दिसले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

चौकीच्या दारात

टोकियोत पाऊल ठेवले की पहिली भेट 'कोबान'शी होते. कोबान म्हणजे कोपऱ्यावरची छोटी पोलीस चौकी. १८७४ साली टोकियोत याची सुरुवात झाली. आज देशभरात सहा हजारांच्या आसपास कोबान आहेत आणि खेड्यापाड्यांत जवळपास तितक्याच राहत्या चौक्या आहेत. तिथला पोलीस कुटुंबासह चौकीतच राहतो. शहरातल्या चौकीत म्हातारी बाई पत्ता विचारायला येते, शाळकरी पोर सापडलेले पाकीट आणून देते, कोणी हरवलेल्या छत्रीची चौकशी करते. गिन्झात आणि शिबुयात आम्ही बराच वेळ चौकीसमोर उभे राहिलो. अर्ध्या तासात पोलिसाने फक्त नकाशावर बोट ठेवून रस्ते दाखवले.

दारात उभ्या असलेल्या पोलिसाच्या हातात पुष्कळदा लांब काठी दिसते. कमरेला काय काय असते तेही सांगतो. एक घडीचा दंडुका, झटका दिला की लांब होणारा. काळ्या रंगाच्या हलक्या धातूच्या हातकड्या. बिनतारी यंत्र. आणि एक रिव्हॉल्व्हर, पाच गोळ्यांचे, जाड दोरीने पट्ट्याला बांधलेले. म्हणजे जपानी पोलीस निःशस्त्र असतो हा समज खरा नाही. पण हे रिव्हॉल्व्हर बाहेर निघण्याचे प्रसंग फार थोडे. कामावरून सुटल्यावर ते ठाण्यातच जमा करून घरी जायचे असते. १९४८ च्या पोलीस कर्तव्य कायद्याच्या सातव्या कलमाने शस्त्राला मर्यादा घातल्या आहेत. गरज असेल तितकेच वापरायचे, आणि कायद्याने सांगितलेले मोजके प्रसंग सोडून समोरच्याला इजा करायची नाही.

मग भर कशावर? भरतीनंतरच्या शिक्षणात ज्युदो किंवा केंदो शिकावा लागतो, आणि 'ताइहोजुत्सु' म्हणजे अटक करण्याची विद्या शिकावी लागते. मनगट कसे वळवायचे, चाकू धरलेला हात कसा अडवायचा, माणूस खाली पाडताना त्याचे डोके आपटणार नाही असे कसे पाडायचे, याचा सराव असतो. जोडीला काठी. जपानी भाषेत या आखूड लाठीला 'जो' म्हणतात. पांढऱ्या ओक लाकडाची, सुमारे १२८ सेंटिमीटर लांब. मुसो गोन्नोसुके नावाचा योद्धा प्रसिद्ध तलवारबाज मियामोतो मुसाशीकडून हरला आणि तलवारीला उत्तर म्हणून त्याने ही काठी घडवली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवू. पण विसाव्या शतकात शिमिझु ताकाजी या गुरूने टोकियोच्या पोलिसांना ही विद्या शिकवली, आणि दंगल आवरणाऱ्या तुकड्यांपर्यंत ती पोचली, हा इतिहास आहे. काठीचा हेतू अंतर राखण्याचा. चाकूवाला आणि पोलीस यांच्यात हातभर अंतर राहिले की दोघांचाही जीव वाचण्याची शक्यता वाढते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ही विद्या चालते, कारण समोरच्याच्या हातात सहसा बंदूक नसते. १९५८ च्या कायद्याने जपानमध्ये सामान्य माणसाला बंदूक आणि तलवार बाळगणे अतिशय अवघड करून ठेवले आहे. पोलिसाचा संयम त्याच्या स्वभावातून जितका येतो, तितकाच या कायद्यातूनही येतो.

दारुड्यांची गंमतही सांगण्यासारखी आहे. झिंगलेल्या माणसाला जपानी लोक 'तोरा' म्हणतात. तोरा म्हणजे वाघ. आणि त्याला रात्रभर ठेवायच्या खोलीला 'तोराबाको', म्हणजे वाघाची पेटी! टोकियोत अशा खास जागाच होत्या, त्या आता बंद झाल्या. पण कायदा आहे तसाच आहे. भान हरपलेल्या माणसाला पोलिसांनी ताब्यात घ्यायचे ते गुन्हेगार म्हणून नाही. त्याला सांभाळायचे म्हणून. त्यालाही २४ तासांची मर्यादा आहे. त्यापुढे ठेवायचे तर न्यायाधीशाची परवानगी लागते.

तीन हत्यारे आणि एक दगड

टोकियोच्या कांदा-सुरुगादाई भागात मेइजी विद्यापीठाचे संग्रहालय आहे. तिथे गुन्हा आणि शिक्षा या विषयाचे स्वतंत्र दालन आहे. एदो काळातली, म्हणजे १६०३ ते १८६८ या काळातली पकडण्याची हत्यारे तिथे मांडलेली आहेत.

त्यात 'मित्सुदोगु' म्हणजे तीन साधने प्रमुख. पहिली आपली सासुमाता. उंच दांडा आणि टोकाला लोखंडी बेचके. मान, कंबर किंवा हात या बेचक्यात अडकवून माणसाला भिंतीला किंवा जमिनीला दाबायचे. दुसरी 'त्सुकुबो', म्हणजे दांड्याच्या टोकाला आडवी पट्टी, आपल्या गवंड्याच्या गुण्यासारखी. तिने ढकलायचे, पाय अडकवून पाडायचे. तिसरी 'सोदेगारामी'. सोदे म्हणजे बाही. टोकाला उलटसुलट आकड्या. त्या किमोनोच्या बाहीत घालून पीळ दिला की माणूस जागच्या जागी गुंतलाच. तिन्ही दांड्यांना वरच्या भागात लोखंडी खिळ्यांचे काटे बसवलेले असतात, म्हणजे समोरच्याला दांडा हातात धरता येत नाही. यांच्या जोडीला 'जित्ते' नावाची हातभर लोखंडी कांब. तिच्या बुडाशी एक आकडा. या आकड्यात तलवारीचे पाते अडवायचे. फारच माजलेला माणूस असेल तर शिड्या आणून चारी बाजूंनी त्याला शिड्यांत कोंडायचे. तलवार घेऊन उभा राहिलेला सामुराई शिड्यांच्या पिंजऱ्यात कसा दिसत असेल, याची कल्पना करून पाहा!

दहा लाखांच्या घरातल्या एदो शहरात दोन नगर-न्यायाधिकारी असत. प्रत्येकाच्या हाताखाली २५ योरिकी म्हणजे अधिकारी आणि शंभरसव्वाशे दोशिन म्हणजे शिपाई. गस्त घालणारे त्यातले थोडेच. इतक्या कमी माणसांनी तलवारबाजांचे शहर सांभाळायचे, म्हणून लांबून धरण्याची ही साधने.

पण जिवंतच का धरायचे? मारून टाकणे सोपे होते. हा प्रश्न आम्ही एकमेकांना विचारला आणि उत्तर त्याच दालनात, थोड्या अंतरावर सापडले. तिथे छळाची साधने ठेवली आहेत. त्रिकोणी कडांच्या फळीवर गुडघे टेकवून बसवायचे आणि मांड्यांवर एकावर एक जड दगडी लाद्या रचायच्या. दोरीने अंग पुढे वाकवून झिंग्यासारखे आवळून ठेवायचे. हात मागे बांधून टांगायचे. एदोच्या न्यायपद्धतीत गुन्हा शाबीत व्हायला आरोपीचा कबुलीजबाब लागे. मेलेला माणूस कबुली देत नाही. म्हणून जिवंत पकडायचे! सासुमातेने अलगद धरलेला माणूस पुढे या दगडाखाली बसवला जाई. १८७९ साली जपानने कायद्यातून हा छळ काढून टाकला.

आमच्यातले एक काका बराच वेळ त्या लाद्यांपुढे उभे होते. म्हणाले, "बाहेर काठी बघून बरे वाटले होते. आत आल्यावर कळले, ती नुसती दाराची कडी होती."

टोकियोपासून काही तासांवर हाकोने आहे. डोंगर, तळे आणि जुना नाका. हा नाका १६१९ साली बसवला, १८६९ साली उठवला. जुन्या कागदपत्रांवरून तो पुन्हा जसाच्या तसा बांधून २००७ साली पुरा झाला. तिथेही ही तिन्ही साधने दिसतात. इथे पकडण्यापेक्षा दाखवण्याचे काम मोठे. येणाराजाणारा ती पाहूनच नरम होई. या नाक्यावर एदोतून बाहेर पडणाऱ्या बायकांवर करडी नजर असे. सरदारांची कुटुंबे एदोत ओलीस ठेवलेली असत. त्यातली बाई वेषांतर करून निसटू नये म्हणून बायकांची तपासणी करायला खास बाई नेमलेली असे. ती केस सोडवून, अंग चाचपून पाहत असे. आमच्याबरोबरच्या ताई म्हणाल्या, "म्हणजे कडी-कोयंड्याशिवायचा तुरुंगच की हो हा!"

दोरीतही वर्ण

लांब दांड्याने अडवून झाले की दोरी लागते. आपल्याकडे मुसक्या आवळणे म्हणतात. जपानने या आवळण्याचे शास्त्र केले. त्याचे नाव 'होजोजुत्सु'. पकडताना घाईने बांधायची दोरी वेगळी आणि नंतर नीट, रचून बांधायची दोरी वेगळी. निरनिराळ्या घराण्यांच्या निरनिराळ्या रीती होत्या, त्या गुप्त ठेवल्या जात. या विद्येचे चार नियम सांगितले जातात. बांधलेला माणूस सुटता कामा नये. त्याच्या शरीराला आणि मनाला इजा होता कामा नये. बांधण्याची रीत इतरांना कळता कामा नये. आणि बांधलेले दिसायला सुंदर असावे.

दुसरा नियम वाचून आम्हाला आनंद झाला. शरीराबरोबर मनाचाही विचार केला आहे! पण पुढची माहिती ऐकली आणि तो आनंद ओसरला. सामुराईला बांधायची रीत वेगळी, भिक्षूला वेगळी, शिंतो पुजाऱ्याला वेगळी, स्त्रीला वेगळी, साध्या माणसाला वेगळी. नुसती दोरी पाहून कळावे की आत कोणत्या दर्जाचा माणूस आहे. म्हणजे जन्माने मिळालेली पायरी माणूस पकडला गेला तरी सुटत नव्हती. ती दोरीच्या पिळात जाऊन बसली होती.

आणि या साधनांची घाणेरडी कामे कोणाच्या वाट्याला होती? वाचकहो, हे तुम्ही ओळखले असेल. जपानी समाजाच्या तळाशी दोन जमाती ढकललेल्या होत्या. एकीला 'एता' म्हणत. त्या शब्दात मळ, घाण हा अर्थ आहे. दुसरीला 'हिनिन' म्हणत, म्हणजे 'जो माणूस नाही तो'. मेलेली जनावरे ओढायची, कातडी कमवायची, आणि फाशीच्या, तुरुंगाच्या कामात राबायचे, हे त्यांचे वंशपरंपरेचे काम. देहदंडाच्या कैद्याची घोड्यावर बसवून शहरभर धिंड निघे. तिच्यात आरोपाची पाटी, भाले, सासुमाता, त्सुकुबो उचलून चालणारे लोक याच जमातींतले. तुरुंगात आजारी पडलेल्या कैद्यांना असाकुसा आणि शिनागावा इथल्या वेगळ्या वाड्यांत ठेवीत. ते वाडे चालवण्याचे कामही हिनिनांच्या मुखियांवरच टाकलेले होते. हुकूम वरच्यांचा, हात खालच्यांचा, आणि विटाळही खालच्यांनाच! जो बांधलेला आहे त्याला समाजाने टाकले, आणि जो बांधायला हात लावतो त्यालाही टाकले.

एदोचा मोठा तुरुंग कोदेनमाचो इथे होता. मेइजी काळाच्या आरंभी तो बंद झाला. आज तिथे एक छोटी बाग आहे, पोरे घसरगुंडी खेळतात, कचेरीतले लोक बाकावर बसून डबा खातात. समोर दाई-आनराकुजी नावाचे बौद्ध मंदिर आहे. त्या जागी जीव गमावलेल्या कैद्यांसाठी ते १८७५ साली बांधले. आम्ही तिथे थोडा वेळ बसलो. ज्यांच्यासाठी हे मंदिर उभे राहिले, त्यात गुन्हेगार किती आणि दगडाखाली 'हो' म्हणालेले निरपराध किती, हे आता कोण सांगणार?

१८७१ साली सरकारी फर्मान निघाले आणि एता, हिनिन ही नावे कायद्याने रद्द झाली. कागदावरून नाव गेले तरी वस्ती, लग्न आणि नोकरी यांतून भेद गेला नाही. म्हणून ३ मार्च १९२२ रोजी क्योतो शहरात या लोकांनी 'सुइहेइशा' म्हणजे समतेची संघटना स्थापन केली. आज ज्यांना बुराकुमिन म्हणतात, ते त्यांचेच वंशज.

शाळेतली सासुमाता

संग्रहालयातली सासुमाता पुन्हा बाहेर आली ती एका भयंकर घटनेनंतर. ओसाका प्रांतातल्या इकेदा गावी विद्यापीठाला जोडलेली एक प्राथमिक शाळा आहे. ८ जून २००१ रोजी सकाळी एक माणूस सुरा घेऊन उघड्या फाटकातून आत शिरला. पहिली-दुसरीच्या वर्गांत त्याने आठ लेकरांचा जीव घेतला. तेरा मुले आणि दोन शिक्षक जखमी झाले. शाळेत प्रतिकाराला होते काय? खुर्च्या! शेवटी शाळेतल्याच माणसांनी त्याला धरले. २००३ साली सरकारने मृत मुलांच्या पालकांशी समझोता करताना माफी मागितली. शाळेच्या आवारात आठ घंटांचा एक स्मृतिमनोरा उभा आहे. दरवर्षी ८ जूनला तिथे सारे जमतात.

त्यानंतर देशभरातल्या शाळांनी सासुमाता घेतल्या. आता त्या ॲल्युमिनियमच्या असतात, काटे नसलेल्या, दोन मीटरच्या आसपास लांब, एका शिक्षिकेला सहज उचलता येतील इतक्या हलक्या. शिक्षकांच्या खोलीत किंवा व्हरांड्यात भिंतीला टांगलेल्या असतात. गावचे पोलीस येऊन शिक्षकांकडून सराव करून घेतात. एक पोलीस घुसखोर होतो, रबरी सुरा घेऊन आरडाओरडा करतो. या सरावात जे शिकवतात ते ऐकण्यासारखे आहे. एकट्याने पुढे जायचे नाही. एकाने धरले तर घुसखोर बेचके हाताने धरून हिसकावून घेईल. म्हणून दोघांतिघांनी मिळून, वेगवेगळ्या बाजूंनी जायचे. एकाने कमरेला, दुसऱ्याने पायांना लावायचे. जवळ जायचे नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याला हरवणे हे आपले काम नाही. मुले दुसऱ्या दाराने बाहेर जाईपर्यंत आणि पोलीस येईपर्यंत वेळ काढायचा आहे. तेवढी मिनिटे मिळाली की सासुमातेचे काम झाले.

आमच्या ताईंनी तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले. त्या म्हणाल्या, "बाईच्या हातात झाडू असतो तशी ही काठी. मारायला नाही, आपल्या लेकरांच्या आणि त्याच्या मधे उभे राहायला."

२०२१ साली टोकियोच्या लोकलगाड्यांत चाकूहल्ले झाले, तेव्हापासून रेल्वेच्या लोकांकडेही ढाली आणि सासुमाता दिसू लागल्या. एका स्थानकाच्या कार्यालयात आम्ही ती पाहिली, छत्र्यांच्या स्टँडशेजारी, जणू घरातलीच वस्तू.

पहारेकरी आणि रंगाचा गोळा

जपानमधला पहारेकरी हा एक बघण्यासारखा माणूस आहे. खासगी कंपन्यांचे साडेपाच लाखांहून अधिक पहारेकरी आहेत. बरेचसे साठी ओलांडलेले. खणलेल्या रस्त्याशी हातात लाल दिव्याची कांडी घेऊन उभे राहतात, पादचाऱ्याला कमरेत वाकून नमस्कार करतात आणि गैरसोयीबद्दल माफी मागतात.

या धंद्याची सुरुवात १९६२ साली पहिल्या कंपनीपासून झाली. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर तो वाढला, आणि १९७२ साली त्याच्यासाठी कायदा झाला. या कायद्यातली एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटली. गणवेश चढवला म्हणून पहारेकऱ्याला सामान्य नागरिकापेक्षा अधिक कोणताही अधिकार मिळत नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. गणवेशही पोलिसापेक्षा वेगळा ओळखू आला पाहिजे. डोळ्यांदेखत गुन्हा करणाऱ्याला पहारेकरी धरू शकतो. पण तो हक्क फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या २१३ व्या कलमाने भाजीवाल्यालाही आहे. आणि धरल्यावर लगेच पोलिसांच्या हवाली करायचे, हे पुढचे कलम सांगते. कोंडून ठेवणे नाही, चौकशी नाही, चार थपडा लगावणे तर नाहीच.

चोवीस तास चालणाऱ्या दुकानांत आणि बँकांत गल्ल्याजवळ भडक नारिंगी रंगाचे चेंडू ठेवलेले दिसतात. आम्हाला आधी ती खेळणी वाटली. चोर पळू लागला की हा चेंडू त्याच्या पायाजवळ जमिनीवर फेकायचा. तो फुटतो, रंग उडून कपड्यांवर, बुटांवर, गाडीवर बसतो आणि सहज निघत नाही. पाठलाग करायला नको, झोंबाझोंबी नको. खूण राहते, मग पोलीस बघून घेतात. शिवाय चेंडू दिसतील असे ठेवलेले असतात. हाकोनेच्या नाक्यावरची तीच युक्ती.

२०२३ च्या नोव्हेंबरात टोकियोच्या उएनो भागात हेल्मेट घातलेले तीन दरोडेखोर एका जवाहिऱ्याच्या दुकानात घुसले. दुकानातल्या एका माणसाने सासुमाता उचलली आणि ती फिरवत त्यांना बाहेर पिटाळले. ते दृश्य जगभर पाहिले गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण जाणकारांच्या दृष्टीने एकट्याने असे भिडणे धोक्याचेच. शाळेत शिकवतात ते खरे: अनेकांनी मिळून, अंतर राखून.

धरल्यानंतर काय?

इथवर वाचून कोणाला वाटेल की जपान म्हणजे न मारण्याचा आदर्श. आम्हालाही तसे लिहून मोकळे होता आले असते. पण मग दोरीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसावर अन्याय होईल.

२५ सप्टेंबर २००७. सागा शहर. २५ वर्षांचा एक तरुण कामावरून सायकलने घरी निघाला होता. तो बौद्धिकदृष्ट्या अपंग होता. पोलिसांनी त्याला थांबवले, तो घाबरला, त्यांनी त्याला रस्त्यावर दाबून धरले. गोळी नाही, काठी नाही, नुसते हात. तरुण तिथेच गेला. एका पोलिसावर खटला चालला, तो निर्दोष सुटला. वडिलांचा नुकसानभरपाईचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०१६ साली फेटाळला गेला.

मार्च २०१०. नारिता विमानतळ. हद्दपार केला जाणारा घाना देशाचा एक माणूस. हातापायांना बेड्या, तोंडात रुमाल, अधिकाऱ्यांनी त्याला विमानाच्या आसनावर पुढे वाकवून दाबले. विमान उडण्याआधीच तो गेला. खालच्या न्यायालयाने २०१४ साली त्याच्या कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला, वरच्या न्यायालयाने तो २०१६ साली फिरवला.

नागोया तुरुंगात २००२ साली चामडी पट्ट्याची हातकडी आवळल्याने एका कैद्याचा जीव गेला. तुरुंगाच्या कर्मचाऱ्यांना शिक्षा झाल्या. २००३ साली चामडी हातकड्या बंद झाल्या, आणि १९०८ पासून चालत आलेला तुरुंग कायदाही पुढे बदलला. हा बदल लोकांनी आवाज उठवला म्हणून झाला. तरी डिसेंबर २०२२ मध्ये आइची प्रांतातल्या ओकाझाकी पोलीस ठाण्याच्या कोठडीत ४३ वर्षांचा एक मनोरुग्ण मरण पावला. त्याला पट्ट्याच्या हातकडीने आणि दोरीने एकूण १४० तासांहून अधिक काळ बांधून ठेवले होते. त्याला मधुमेह होता, औषध मिळाले नव्हते. ठाण्याच्या प्रमुखासह अधिकाऱ्यांवर कारवाई झाली.

आणि होजोजुत्सुची ती दोरी? ती अजून आहे. अटकेतल्या माणसाला हातकडीबरोबर कमरेला दोरी बांधून नेतात. तिला 'कोशिनावा' म्हणतात. टीव्हीवर अशा माणसाच्या हातकड्या धूसर करून दाखवतात, म्हणजे प्रेक्षकांपुढे त्याची अब्रू जाऊ नये. पण न्यायालयात त्याला तसाच, दोरीने धरून, सर्वांच्या डोळ्यांदेखत आणतात आणि कामकाज सुरू होताना दोरी सोडतात. आईबाप, बायको समोर बसलेली असतात. याविरुद्ध आरोपींनी दाद मागितली. मे २०१९ मध्ये ओसाका जिल्हा न्यायालयाने भरपाई दिली नाही, पण दोषी ठरण्याआधी माणसाला असे लोकांपुढे आणणे त्याच्या प्रतिष्ठेला धक्का लावते, ही गोष्ट मान्य केली.

कबुलीजबाबाचा जुना सोसही सुटलेला नाही. आरोप ठेवण्याआधी संशयिताला २३ दिवसांपर्यंत ताब्यात ठेवता येते, बहुतेक वेळा पोलिसांच्याच कोठडीत. इवाओ हाकामाता या मुष्टियोद्ध्याला १९६६ साली धरले. दिवस दिवस चाललेल्या चौकशीनंतर त्याने कबुली दिली. त्याला फाशी सुनावली गेली, आणि तो निर्दोष असल्याचा निकाल लागला २६ सप्टेंबर २०२४ रोजी. त्याला धरताना कोणी मारले नव्हते. पण त्याचे आयुष्य कोठे परत आले?

या प्रवासाचा हिशेब आम्ही असा मांडतो. लांब दांडा, रंगाचा चेंडू, दोघांतिघांनी मिळून धरणे, पट्ट्याला बांधलेले रिव्हॉल्व्हर, सामान्य माणसाच्या हाती बंदूक जाऊ न देणारा कायदा, पहारेकऱ्याला अधिकार न देणारे कलम, या साऱ्यांनी जपानमध्ये माणसे वाचतात. हे कोणत्याही देशाने शिकावे असे आहे. पण या साऱ्यांचे काम पहिल्या काही मिनिटांचे. त्यानंतर माणूस जमिनीवर असतो, हात मागे असतात, आणि त्याला श्वास घेता येतो की नाही हे फक्त त्याच्यावर बसलेल्यालाच कळते. ते बघायला साधन नाही. तिथे कायदा हवा, नोंद हवी, वकील हवा, डॉक्टर हवा, आणि विचारणारे लोक हवेत. सागाच्या तरुणाचे वडील नऊ वर्षे विचारत राहिले. न्यायालयात ते हरले. पण ते विचारत राहिले म्हणूनच त्यांच्या मुलाची गोष्ट परदेशातून गेलेल्या आमच्यासारख्यांपर्यंत पोचली, आणि तुमच्यापर्यंत.